खडकावरचे रोडगे

खडकावर चूल मांडायचं ठरवलं ते सेवादासनंच. त्यामुळे वांग्याच्या भाजीचा गंज, ते मोठं पातेलं, पाण्यावर अलगद उचलला गेला आणि डुलत डुलत समुद्राकडे निघाला, तेव्हा बचत गटाच्या बायकांनी गंजाकडे पाहिलंच नाही. सगळ्या सेवादासकडे पाहत होत्या. गंज मात्र मोठ्या रुबाबात चालला होता, वरातीत नवरदेवाचा मामा चालतो तसा, झाकण तिरपं करून. मागे गोवऱ्यांच्या आरावर समुद्राचं पहिलं पाणी चढलं, छस्स झालं, आणि थेट यवतमाळकडच्या कळंबहून वाहून आणलेल्या गोवऱ्यांचा धूर सगळ्यांच्या नाकातोंडात गेला. धूर विरला तेव्हा त्यांच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये पाणी होतं. सकाळी ते नव्हतं.

आता कळंबची माणसं गोवऱ्या घेऊन समुद्रात कशाला गेली, हे सांगायचं तर सेवादास कोण, हे आधी सांगावं लागेल.

सेवादास राठोड. मूळचा कळंबजवळच्या तांड्यावरचा, पण राहायला कितीतरी वर्षं कळंबातच. धंदा रोडग्यांचा. आमच्याकडे नवस फेडायचा म्हणजे रोडगे. गव्हाच्या जाड्याभरड्या पिठाचे गोळे, पदरावर पदर घालून वळलेले, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजलेले, वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. पोराला नोकरी लागली, रोडगे. म्हैस सापडली, रोडगे. आणि रोडगे म्हटलं की सेवादास. तो आपल्या गंज-परातींसकट येणार, नदीत किंवा देवळामागे जागा पाहणार, चूल मांडणार आणि चार गावं उरून पुरतील एवढं बोलणार. रोडगे भाजायला वेळ लागतो. पोटात भूक, समोर आर, हलता येत नाही, अशा वेळी माणसं कोणाचंही ऐकतात. सेवादास त्यांना समुद्र ऐकवायचा.

जुन्या काळी तो ट्रकवर क्लीनर होता. पांढरकवड्याच्या रहमत उस्तादच्या गाडीवर. एकदा सरकीच्या ढेपेचा माल घेऊन ते विशाखापट्टणमच्या बंदरापर्यंत गेले होते, आणि तिथं सेवादासनं समुद्र पाहिला होता. लाटांचा आवाज कापसाच्या जिनिंगमध्ये सगळ्या मशिनी एकदम सुरू झाल्यासारखा. जहाज केवढं, तर कळंबचं बस स्टँड उचलून आत ठेवलं तर कंडक्टरला शोधायला दिवस लागेल. पाणी असं खारं की हात धुतला तर जेवताना मीठ मागायची गरज नाही. आता कळंबात समुद्र पाहिलेली माणसं पुष्कळ झाली. पोरं गोव्याला जातात, पाण्यात उभी राहून फोटो टाकतात. पण ती समुद्र फोनमध्ये घेऊन येतात. सेवादासचा समुद्र तोंडात होता, आणि रोडगा भाजून फुटेपर्यंत तो पुरायचा. म्हातारी माणसं त्याला समुद्रवाला सेवादास म्हणत. बायको सुखीबाई सोडली तर त्याच्या शब्दाला गावात कोणी आडवं जात नसे, आणि सुखीबाई तर सगळ्यांच्याच आडवी जायची.

अडचण एकच होती. सेवादासनं समुद्र पाहिला नव्हता.

त्या फेरीत बंदराच्या अलीकडच्या शेवटच्या ढाब्यावर त्याचं पोट असं बिघडलं, की रहमत उस्तादनं त्याला तिथल्याच खाटेवर टाकलं, लोटा उशाशी ठेवला आणि ट्रक एकट्यानं पुढे नेला. माल उतरवून उस्ताद दुसऱ्या दिवशी परत आला. परतीच्या वाटेवर सेवादासनं त्याला इतकं विचारलं, इतकं विचारलं, की आदिलाबाद येईपर्यंत सेवादासनं समुद्र पाहिलेला होता. पहिल्यांदा घरी सांगितलं ते थोडं घाबरतच. कोणी काही विचारलं नाही. मग ते अंगात मुरलं. रहमत उस्तादला माहीत होतं, पण तो हसायचा आणि गप्प राहायचा. उस्ताद-क्लीनरमध्ये एवढं चालतं.

मागच्या माघात वच्छलाकाकूंच्या डोक्यात आलं की बचत गटाच्या बायकांनी एकदा समुद्र पाहायचा. वच्छलाकाकू म्हणजे गटाच्या अध्यक्ष, वाड्यातल्या... नाही, वाडा वगैरे काही नाही, गल्लीतल्या टिनाच्या घरातल्याच, पण आवाज अध्यक्षांचा. त्यांची नात अर्पिता नर्सिंगला लागली होती आणि त्यांनी रोडग्यांचा नवस बोलला होता. त्यांच्या घरची रीत अशी, की नवसाचे रोडगे पाण्याच्या काठी करायचे, पाण्यातल्या देवींसाठी, आसरांसाठी, आणि चूल अशी मांडायची की पाण्याला ती दिसली पाहिजे. दरवेळी वर्धा नदी असायची. यावेळी काकू म्हणाल्या, नदीतल्या आसरा जेवतात, मग समुद्रातल्या काय उपाशी राहतील? त्यांनी रहमत उस्तादच्या मुलाची, अब्रारची, ट्रॅव्हलर ठरवली. स्वयंपाकाला आणि वाट दाखवायला सेवादास. समुद्र पाहिलेला माणूस सोबत असला की बायकांचे नवरे बिनघोर, असाही त्यात हिशेब होता.

सेवादासनं नाही म्हणून पाहिलं. कंबर दुखते म्हणाला, रोडग्यांच्या दोन ऑर्डरी आहेत म्हणाला. पण नाही म्हणायला कारण लागतं, आणि खरं कारण तोंडातून काढायची सवय त्याला कुठून असणार? टपावर गोवऱ्यांची पोती चढली, त्यावर ताडपत्री, आणि गाडी निघाली. रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस बायका गाणी म्हणत होत्या. सेवादास खिडकीपाशी देवाचं नाव घेत होता.

मालवणच्या पलीकडे एका खेड्यात खाणावळवाल्याकडे मुक्काम पडला. पोचले तेव्हा अंधार होता, नुसता आवाज ऐकू आला. आवाज जिनिंगसारखाच होता हे ऐकून सेवादासचा जीव भांड्यात पडला. उस्ताद खोटं बोलला नव्हता.

सकाळी उठून पाहतात तर समुद्र दूर. समोर वाळूची पट्टी, आणि तिच्या पुढे काळे खडकच खडक, ओले, चमकणारे, मधून मधून पाण्याची डबकी. लाटा पार त्या टोकाला, पांढऱ्या दोरीसारख्या. बायका बावरल्या. वच्छलाकाकूंनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "पाणी कुठी गेलं, सेवादास?"

 उस्तादच्या समुद्रात हे नव्हतंच. उस्तादनं बंदर पाहिलं होतं, धक्का पाहिला होता, जहाज पाण्यात उभं होतं. खडक त्यात कुठे नव्हते. पण सेवादासनं समोर पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. असं दृश्य तर तो दरवर्षी पाहायचा. वर्धा नदीचं पाणी उतरलं की असेच खडक उघडे पडतात, अशीच डबकी राहतात, त्यात पोरं मासोळ्या धरतात.

"उतरलं," तो म्हणाला. "माघ आहे नं. एकदा उतरलं की आता आषाढाबिगर नाही चढत."

काकूंना ते पटलं. सगळ्यांनाच पटलं. आमच्याकडच्या कुणालाही पटलं असतं. आमचं पाणी एकदा गेलं की महिनोन् महिने तोंड दाखवत नाही. ते सहा तासांनी परत येतं, असं सांगितलं असतं तर उलट लोक हसले असते.

मग चूल कुठे? पाण्याला दिसली पाहिजे. म्हणून वाळूवर नाही, खडकांच्या पार शेवटच्या टोकाला, एका सपाट खडकावर सेवादासनं जागा काढली. पोती डोक्यावर, परात काखेत, गंज दोघींच्या मध्ये, असा मोर्चा खडकांवरून निघाला. अब्रार दोन दिवस गाडी चालवून थकला होता, तो खोलीत झोपला.

एकदा चूल मांडून झाल्यावर बायकांना कोण धरणार? त्या पसरल्या. आयुष्यभर शेतात वाकून काम केलेल्या त्या बाया, पण असं नुसतं पाहण्यासाठी वाकायची वेळ पहिल्यांदाच आली होती. एका डबक्यात फुलासारखं काहीतरी होतं, बोट लावलं की मिटायचं. ती लाजाळू आहे असं ठरलं. दुसरीकडे खडकावर घामोळ्यांसारखे टोकदार पांढरे दाणे, त्यावर पाय पडला की तळवा कापायचा. बोटाएवढे मासे सावली पडली की खडकाच्या भेगेत जायचे आणि सावली हलली की परत, जसं काही लपाछपी खेळत आहेत. वच्छलाकाकूंना चालणारा शंख सापडला. त्यांनी तो तळहातावर धरून सेवादासला आणून दाखवला. आत लहानसा खेकडा होता.

सेवादास म्हणाला, शंखातूनच तो जन्मतो.

पलीकडे एक बाई खडकावर बसून कालवं काढत होती. कालवं म्हणजे खडकाला घट्ट चिकटलेली शिंपलीच, पण खायची. हातात खुरप्यासारखं वाकडं लोखंडी हत्यार, शेजारी निळा प्लास्टिकचा टब. ती हसून म्हणाली की शंख त्याचा नाही, दुसऱ्याचा रिकामा घेतो आणि त्यात राहतो. काकूंना ते फारच आवडलं. सेवादासनं खेकड्याकडे जरा वेळ पाहिलं आणि तो पटकन डबक्यात सोडून दिला.

काकू पुन्हा लांबच्या डबक्याकडे गेल्या. बाईनं गोवऱ्यांच्या राशीकडे पाहिलं, गंजाकडे पाहिलं. अजून आर पेटायचा होता. सेवादासच्या हातात काडेपेटी होती. ती उठून जवळ आली.

"काका, भरती लागली," ती म्हणाली. "हयसून उठा. वर वाळूत मांडा."

तिचा शब्दन् शब्द त्याला कळला. आजूबाजूला ऐकणारं कोणी नव्हतं. आणि तरीही, किंवा म्हणूनच, त्याला वाटलं की आत्ता सामान उचलायला लावलं तर बायका विचारणार, तूच तर म्हणत होता आषाढाबिगर चढत नाही. मग पुढचं विचारणार. मग त्याच्या पुढचं. तीस-बत्तीस वर्षांचा समुद्र एका काडेपेटीपायी आटला असता.

"बाई," तो म्हणाला, "मले नको सांगू. मी समुद्र पाह्यलेला माणूस आहे."

 बाई खांदे उडवून, आपला टब उचलून वरच्या खडकांकडे गेली. सेवादासनं काडी ओढली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण ते एकदम झालं नाही, हे सांगायला हवं. आधी एक डबकं दुसऱ्या डबक्याला मिळालं. मग चपला ठेवलेल्या खडकाखाली पाणी आलं. सेवादासनं ते पाहिलं. त्याला वाटलं, थोडं असेल, हलत असेल, पाणी आहे तर हलणारच. रोडगे आरात दाबलेले होते, भाजीला नुसता दम द्यायचा होता. वाळू आणि खडक यांच्यामधल्या घळीत पाणी गुपचूप शिरत होतं, तिकडे तो पाठ करून बसला होता आणि बायकांना जहाजाची गोष्ट सांगत होता.

गंज निघाला, आर विझला, आणि काकू ओरडल्या. मग सगळ्याच ओरडल्या. घळीतलं पाणी कमरेला लागेल एवढं, खाली शेवाळ, पाय ठरेना. पोहता कुणालाच येत नव्हतं. सेवादासला तर मुळीच नाही. तो हातात झारा घेऊन उभा होता, जणू पाणी ढवळून परत पाठवणार.

तीच बाई आली. लुगडं वर खोचून, टब डोक्यावर धरून, घळीतून चालत. तिला कुठे पाय ठेवायचा ते माहीत होतं. फोन, चपला, काकूंची पिशवी, जे जे पकडता आलं ते तिनं टबात टाकायला लावलं आणि एकेकीला हाताला धरून नेलं. तिनं किती फेऱ्या मारल्या, हे मोजायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. काकूंना नेताना पाणी त्यांच्या पोटापर्यंत आलं आणि त्या आसरांची नावं घेत होत्या. शेवटी सेवादास. तिनं त्याचं मनगट धरलं. जत्रेत आई पोराचं धरते तसं, घट्ट.

वाळूवर आल्यावर सगळ्या बसल्या, नुसत्या बसल्या. बाई लुगड्याचा घोळ पिळत होती. पिळता पिळता तिनं विचारलं, टोमणा नव्हता तो, साधंच विचारलं, "काका, ह्याच्याआधी समुद्र कधी बघूक नाय?"

बायकांनी माना वर केल्या.

"पाह्यला नं," सेवादास म्हणाला. पँटमधून पाणी गळत होतं. "पण आमच्याकडचा असा नव्हता."

तेवढ्यात अब्रार पळत आला, गावातली माणसं जमली, कोणी हसलं, कोणी चहा आणला. बायकांना कधी एकदा गाडीत बसतो असं झालं होतं. ओल्या लुगड्यांनी, उपाशी, त्या चढल्या आणि गाडी हलली. निळा टब चपलांसकट कोणीतरी मागच्या सीटखाली सरकवला.

कोल्हापूर जाईपर्यंत बायका ओले पदर खिडकीशी धरून वाळवत होत्या. मग मागून कुणीतरी म्हणालं की त्या बाईनं आधी सांगायला पाहिजे होतं. तिथलीच होती ना ती. सगळ्यांनी सेवादासकडे पाहिलं. खरं सांगायला ती चांगली जागा होती. अंधार होता, गाडी चालू होती, कुणाचा चेहरा कुणाला दिसत नव्हता.

"सांगितलं असतं तं मी मांडली असती काय चूल?" सेवादास म्हणाला.

म्हटलं तर हा प्रश्न होता. प्रश्नाला खोटं कसं म्हणायचं? असा विचार करत तो सोलापूरपर्यंत जागा राहिला.

कळंबात गोष्ट गाडीच्या आधी पोचली होती, आणि ती वेगळीच होती. वच्छलाकाकू जिथं तिथं सांगू लागल्या की सेवादास होता म्हणून वाचलो, सगळ्यात शेवटी तो निघाला, आधी बाया काढल्या मग स्वतः. शेवटी निघाला हे खरंच होतं. का, ते कोणी विचारलं नाही. रोडग्यांच्या ऑर्डरी वाढल्या. लोक आता जहाजाऐवजी भरती मागू लागले. आणि गोष्टीतली ती बाई आठवड्याआठवड्याला बिघडत चालली. आधी तिनं सांगितलं नाही एवढंच होतं. मग ती लांबून पाहत बसली होती असं झालं. फाल्गुनात कुणीतरी म्हणालं की तिचा गंजावर डोळा होता.

गंज समुद्रात गेला होता. टब मात्र सेवादासच्या घरी खिळ्याला टांगलेला होता. चपला वाटून झाल्यावर सुखीबाईनं तो धुवायला घेतला, तेव्हा तळाशी ते वाकडं लोखंडी हत्यार निघालं. लाकडी मूठ घासून घासून गुळगुळीत, अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला. सुखीबाईनं ते हातात धरून पाहिलं. निंदणाचं आयुष्य काढलेली बाई ती.

"हे कोणाचं उचलून आणलं? हातावर बसलेलं हत्यार आहे, बाईमाणसाचं. ऐन हंगामात माह्यं खुरपं असं कोणी नेलं असतं तं मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या."

सेवादास म्हणाला, चुकून आलं. सुखीबाई म्हणाली, चुकून येते ते मले समजते, पण चुकून परत कसं जाईल ते सांग.

दोन-तीन दिवस तो इकडेतिकडे फिरला आणि मग पांढरकवड्याची एसटी धरली.

रहमत उस्ताद आता घरासमोर खाटेवरच असतो. डोळे गेलेत, कान शाबूत. अब्रारनं त्याला काय ते सांगितलेलंच असणार. सेवादास पायाशी बसला तसा उस्तादनं विचारलं, "काय रे सेवा, मी सांगितला तसाच होता ना?"

"तुम्ही सांगितला त्याच्यात पाणी जात-येत नव्हतं, उस्ताद."

म्हातारा खोकला येईपर्यंत हसला. मग म्हणाला, तो तिथं माल खाली होईपर्यंतच उभा होता, तेही अर्धा वेळ चहाच्या टपरीकडे तोंड करून. त्यालाही समुद्र तेवढाच ठाऊक. आपण दोघांनी मिळून गावाला एवढ्याशा समुद्रावर इतकी वर्षं जगवलं, याचंच त्याला जास्त हसू येत होतं. सेवादासला हसू आलं नाही. तो हळूच सगळं बोलला. बाई चुलीपाशी आली होती, काडी ओढायच्या आधी, आणि आपण तिला काय म्हणालो, आणि गाडीत काय म्हणालो.

उस्तादनं खाटेची सैल दोरी चाचपून ओढली.

"माह्या समुद्रावर तू जिंदगी काढली, मी कधी बोललो काय?" तो म्हणाला. "बोलणार बी नाही. पण त्या बाईचं नको खाऊ बे. ती तुही उस्ताद नाही."

चैत्रात राळेगावकडच्या एका शेतकऱ्याचे रोडगे होते, वर्धा नदीच्या पात्रात. पाणी उतरलेलं, खडक उघडे. वच्छलाकाकू आणि गटाच्या बाया मदतीला आलेल्या. आर चांगला पडला, रोडगे दाबले, आणि पाहुण्यांतून कोणीतरी म्हणालं, सेवादासभाऊ, ते भरतीचं होऊ द्या. सेवादासनं सुरुवात केली नाही तशी काकूंनीच केली. खडक झाले, शंखातला खेकडा झाला, आणि त्या बाईपर्यंत आल्या. लांबून पाहत बसली होती बाप्पा, म्हणाल्या, एक शब्द नाही बोलली.

सेवादास झाऱ्यानं आर सारखा करत होता. आरात काही बिघडलेलं नव्हतं.

"बोलली होती," तो म्हणाला. "मले सांगितलं होतं तिनं. काडी लावायच्या आधीच."

काकू थांबल्या. "आधीच?"

"आधीच. वर वाळूत मांडा म्हणे. मीच आयकलं नाही."

 पाहुण्यांना काही कळलं नाही, पण गटाच्या बायांना कळलं. कोण खोटं, किती खोटं, हे त्यांनी मनातल्या मनात मागे मागे जात लावलं असणार. पार ट्रकपर्यंत कोणी पोचलं की नाही, ते सेवादासला आजही माहीत नाही. कोणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. तेवढं धैर्य त्या दिवशी एका वाक्यातच संपलं होतं.

"माह्या पोटापर्यंत पाणी होतं, सेवादास," वच्छलाकाकू म्हणाल्या. आवाज अध्यक्षांचा नव्हता. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आणि मी गावभर तिले नावं ठेवून राह्यली. नाव काय तिचं?"

सेवादासनं बायांकडे पाहिलं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यातल्या प्रत्येकीचा हात त्या बाईनं धरला होता. नाव कुणीच विचारलं नव्हतं.

त्या दिवशी रोडगे चांगले फुटले, पण जेवताना कोणी बोललं नाही, आणि पाहुण्यांना वाटलं मीठ जास्त झालं.

काकूंनी हुकूम केला की नाव विचारायचं आणि टब-हत्यार पाठवायचं. अब्रारकडे त्या खाणावळवाल्याचा नंबर होता. तो सेवादासच्या फोनमध्ये घातला गेला. त्याच्यानंतर सेवादासच्या फोनला काय काय झालं! कधी रेंज नव्हती, कधी रिचार्ज संपला, कधी तो घरी राहिला आणि सेवादास बाहेर. एका संध्याकाळी सुखीबाईनं नंबर लावून फोन त्याच्या कानालाच चिकटवला.

खाणावळवाल्यानं कोण बोलतंय विचारलं. सेवादासनं कळंब सांगितलं, यवतमाळ सांगितलं, त्याला लागेना. मग सेवादास चाचरत म्हणाला की आम्ही बचत गटाच्या बायका घेऊन, माघात, ती ट्रॅव्हलर...

तिकडे एकदम आनंद झाला. अरे, ते गोवऱ्यावाले! त्यानं तिथल्यातिथे घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. सेवादासला पाठीमागून हसणं ऐकू आलं, वाईट नव्हतं, ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं. खाणावळवाला सांगू लागला की आख्ख्या गावाला ते पाठ आहेत, त्या सपाट खडकाला पोरं आता चुलीचा खडक म्हणतात, आणि कालवं काढायला बसल्या की बायका तीच गोष्ट काढतात. त्यातली एक तर त्या काकांची नक्कल करते, काडेपेटी हातात धरून, मान अशी ताठ करून. काका काय म्हणाले होते सांगू का, असं म्हणून तो ते वाक्य सांगायला लागला.

सेवादासला ते वाक्य माहीत होतं. त्यानं फोन बंद केला.

"काय नाव म्हणे?" सुखीबाईनं विचारलं.

"रेंज गेली," सेवादास म्हणाला.

सुखीबाई त्याच्या आडवी आली नाही. पहिल्यांदाच. 

अब्रार म्हणतो, तिकडची सवारी मिळाली की मी नेऊन देईन, काका, तुम्ही नका येऊ. पण यंदा सगळ्यांना तिरुपती पाहिजे, नाही तर शेगाव. टब अजून खिळ्यालाच आहे, त्यात हत्यार. ओल लागून जंग चढू नये म्हणून सुखीबाई मधून मधून त्याच्या पात्यावर तेलाचं बोट फिरवते. परवा कणीक भिजवायला भांडं कमी पडलं तर शेजारणीनं तो टब काढायला हात घातला. सेवादास म्हणाला, तो नको, तो दुसऱ्याचा आहे.

कोणाचा, तर ते त्याला सांगता आलं नाही.